अख्खी बातमी देणारी वृंदा

वृंदा गेली त्या सकाळी मी ठाण्याच्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते. तिचा भाऊ दिनेश खाली खिडकीपाशी कागदपत्रांच्या मागे लागला होता आणि मी फोन हातात धरून, आधी कोणाला कळवायचं याचा विचार करत होते. विचार पुरा व्हायच्या आत फोन वाजला. कोपरीहून अहिरे सर. आम्हा दोघींना शाळेत गणित शिकवलेले, काचबिंदूने आता दोन्ही डोळे गेलेले आमचे सर. म्हणाले, "शैला, अगं आपल्या वृंदाला काय झालंय? फोन म्हणतोय, वृंदा साळवी यांच्याबाबत धक्कादायक बातमी, कारण ऐकून सुन्न व्हाल, पुढे वाचा. आणि पुढे हा काही वाचतच नाही गं. घोडबंदर रोडवरच्या कसल्या तरी फ्लॅटची जाहिरात म्हणतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. काय झालंय? तू तरी सांग."

मी सांगितलं. जिन्यात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अंग चोरून वाट देत सांगितलं. मी फोन ठेवला आणि मला आधी रडू नाही आलं, किळस आली. कारण ती दोन ओळींची घाण ज्या साइटवरून सरांच्या कानात गेली ती साइट वृंदाने स्वतः उभी केली होती, आणि ज्या फीडमधून गेली ते फीड तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, साइट आता ज्या कंपनीकडे आहे तिथल्या कोणीतरी उचललं आणि तिला वॉर्डातून खाली आणायच्या आत बातमीचं दुकान लावलं. कारण ऐकून सुन्न व्हाल म्हणे! कॅन्सर होता तिला. अख्ख्या डोंबिवलीला माहीत होतं. सुन्न कशाला व्हायचंय?

गेलेल्या माणसाविषयी लिहिताना गोड लिहावं म्हणतात. वृंदाविषयी मला गोडच लिहायचंय. पण मध्ये मध्ये तोंड कडू होणार, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही दोघी डोंबिवली पूर्वेला एका आळीत वाढलो. तिचे वडील रत्नागिरीकडचे, माझे साताऱ्याकडचे, त्यामुळे मासे तिच्याकडे आणि पिठलं माझ्याकडे असा आमचा व्यवहार. ती कॉम्प्युटर शिकली, कोलशेतच्या एका ऑफिसात लागली आणि शेवटपर्यंत तिथेच चिकटून राहिली. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लग्न तिने केलं नाही. विचारलं की म्हणायची, "केलं असतं गं, पण समोरचा माणूस बोलायला लागला की मला त्यातल्या चुका दिसतात." भयंकर फटकळ बाई. तिच्यासमोर भाजीवाला भाव सांगताना चाचरायचा. पण कोणाच्या घरी काही झालं की सगळ्यात आधी हीच पोचलेली असायची, आणि तिथेही पहिल्यांदा कोणाला तरी झापायची, चहा का नाही टाकला म्हणून.

साइटची कल्पना तिचीच. पाणी कधी येणार नाही, वीज कुठली जाणार, कुठल्या हॉलमध्ये काय कार्यक्रम, आणि कोण गेलं. एवढंच. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचं, रोज लागणारं. मजकूर मी लिहायचा, बाकी सगळं तिने करायचं. सुरुवातीला मला वाटलं, साइट झाली की झालं. पण तिचा जीव फीडमध्ये. फीड म्हणजे काय हे तिने मला कितीदा तरी समजावलं असेल. लोकांनी रोज दुकानात यायचं नाही, दाराच्या कडीला दुधाची पिशवी लावून जातात तसा नवा मजकूर आपण लोकांच्या फोनमध्ये नेऊन लावायचा. चित्रं नाहीत, जाहिरात नाही, उड्या मारणारं काही नाही. साइट बांधायला एक तयार सांगाडा मिळतो, फ्रेमवर्क म्हणतात त्याला, आणि त्यात फीड काढायची सोय आयतीच असते. नोंदी कुठून घ्यायच्या, शीर्षक कुठलं, मजकूर कुठला, प्रत्येक नोंदीची ओळख काय, एवढं लिहून दिलं की बाकी काम तो सांगाडा करतो. "म्हणजे तू काय केलंस मग?" असं मी एकदा भोळेपणाने विचारलं. ती खवळलीच. म्हणाली, "शैले, मजकुराच्या जागी काय घालायचं ते माणसाने ठरवायचं असतं. अख्खी बातमी घालता येते, नाहीतर दोन ओळी घालून माणसाला साइटवर ओढत नेता येतं. हरामखोरी करायची जागा तीच आहे."

तिने अख्खी घातली. एकही शब्द मागे ठेवला नाही. आणि अहिरे सरांची नजर जायला लागली तेव्हा त्या अख्ख्याचा अर्थ मला कळला. सरांचा फोन मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. इतर बातम्यांच्या पानांवर तो जाहिरातींत अडकायचा, "बटण, बटण, बंद करा, बटण" म्हणत बसायचा. आमचं फीड मात्र तो सरळ वाचायचा. सर सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचे आणि पाणी, वीज, व्याख्यान, निधन सगळं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचे. ऐकून झालं की मला फोन. "शैला, काल तू 'उपस्थित राहण्याचे आवाहन' दोनदा लिहिलंस." शाळा सुटली पण सर काही सुटले नाहीत. वृंदा म्हणायची, आपले वाचक कमी झाले तरी चालतील, सर टिकले पाहिजेत. ती हे हसत म्हणायची, पण काही बदल केला की कोपरीला जाऊन सरांच्या शेजारी बसून त्यांच्या फोनवर ऐकून यायची. मासे घेऊन जायची. सरांच्या पत्नी, कुसुमताई, निवृत्त नर्स होत्या. त्या वृंदाचं बीपी तपासायच्या आणि ओरडायच्या.

पुढे कुसुमताई गेल्या. त्यांची बातमी मी लिहिली. आमच्या आळीतल्या एका शहाण्याने शेवटी "शोकसभा" घालायला सांगितलं, तेव्हा वृंदाने त्याला उभा आडवा घेतला. सरांचं घर बौद्ध, त्यांच्याकडे पुण्यानुमोदन असतं, तर तेच लिहायचं. प्रत्येक घरचं जसं असेल तसं, साच्यात कोंबायचं नाही. सरांनी ती बातमी इतक्यांदा ऐकली की त्यांना पाठ झाली. मला त्यांनीच सांगितलं होतं तसं.

आजारपण वाढलं तेव्हा वृंदाने साइट देऊन टाकायचं ठरवलं. फुकट. चांगल्या हातात पडावी एवढंच. घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीतल्या कंपनीला ती हवी होती. त्यांचा निनाद नावाचा एक साहेब फुलं घेऊन घरी आला. बूट बाहेर काढले, सोफ्याच्या टोकावर बसला, तिला मॅम मॅम म्हणाला. तेवढ्यावर वृंदाने त्याला सज्जन ठरवलं! माणसं ओळखण्यात ही बाई अगदीच ढ होती. तिने त्याला लॅपटॉपवर फीडचा तो भाग उघडून दाखवला, उशीला टेकून बसल्या बसल्या बोट ठेवून ठेवून समजावलं. मजकूर अख्खा गेला पाहिजे. आणि प्रत्येक नोंदीची ओळख कायम राहिली पाहिजे, साइटचा पत्ता बदलला तरी. हे ओळखीचं प्रकरण मलाही तेव्हाच नीट कळलं. फोन ओळखीवरून ठरवतो की ही नोंद आधी आलेली आहे की नवी. म्हणून वृंदाने ओळख पत्त्याला बांधलेलीच नव्हती, वेगळी दिली होती. मी म्हटलं, पत्ता म्हणजेच ओळख नाही का? तर म्हणाली, "तुझं लग्न झालं, आडनाव बदललं, घर बदललं. तू बदललीस का?" मी म्हटलं, थोडी. "गप्प बस," म्हणाली. निनाद हसला. "मॅम, हंड्रेड पर्सेंट. अगदी असंच ठेवू. डोन्ट वरी." आणि निघताना तिच्या पाया पडला. आज ते आठवलं तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

ती घरी असेपर्यंत त्यांनी काही केलं नाही. म्हणजे तिची वाट बघत बसले होते असं म्हणायचं का? मी म्हणते. तिला शेवटचं दाखल केलं त्या आठवड्यात फीडचे दोन ओळींत तुकडे झाले, आणि त्या तुकड्यांतला पहिला मोठा तुकडा म्हणजे तिच्याच मरणाची बातमी.

शोकसभा कंपनीनेच ठेवली. आम्हाला विचारलंही नाही, आमंत्रण पाठवलं. डोंबिवलीत एसी हॉल, मागे भलामोठा बॅनर, त्यावर कंपनीचं चिन्ह हे एवढं आणि कोपऱ्यात वृंदाचा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो. तो फोटो तिला मुळीच आवडायचा नाही, त्यात आपण चोर दिसतो म्हणायची. एक मुलगी दारात उभं राहून येणाऱ्यांना ॲप उतरवून घ्यायला सांगत होती. शोकसभेच्या दारात! निनाद बोलायला उभा राहिला आणि "वृंदा मॅमचा वारसा", "वृंदा मॅमची व्हिजन" असं काय काय बोलत राहिला. आवाज कापरा करून. मी पहिल्या रांगेत सरांच्या शेजारी बसले होते आणि सरांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी उठेन म्हणून. त्यांना शाळेपासून माहीत आहे मी.

संपल्यावर मी त्याला गाठलाच. म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता, अख्खा मजकूर जाईल. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, सगळंच फीडमध्ये दिलं तर साइटवर कोण येणार? आणि फीड वापरतं कोण हो आता?" मी म्हटलं, हे वापरतात. त्याने सरांकडे वाकून पाहिलं, चेहऱ्यावर लगेच तो कनवाळू भाव आणला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आमचं ॲप घ्या ना, एकदम मस्त दिसतं." सर म्हणाले, "दिसत असेल. बोलतं का?" त्यावर तो म्हणाला की टीमला सांगतो. मला त्याच्या शर्टवर ओकावंसं वाटलं. वाईट वाटेल ऐकायला, पण वाटलं ते वाटलं.

टीमने काय केलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. साइट त्यांनी आपल्या नव्या पत्त्यावर हलवली आणि वृंदाने दिलेली ओळख काढून पत्त्यालाच ओळख करून टाकलं. सोपं पडतं म्हणे. झालं! सगळ्यांच्या फोनना वाटलं, जुन्या नोंदी नव्याने आल्यात. पाणीपुरवठ्याच्या जुन्या बातम्या आल्या, त्याने फार तर लोकांनी बादल्या भरून ठेवल्या. पण निधनाच्या सगळ्या बातम्या पण परत आल्या. इतकी वर्षं गेलेली माणसं त्या दिवशी ठाण्यात, कळव्यात, कल्याणात पुन्हा गेली. डोंबिवलीत एका घरी लोक हार घेऊन आले, घरात बारशाची तयारी चाललेली. एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मित्राचा सांत्वनाचा फोन आला आणि ती बिचारी "आभारी आहे" म्हणून बसली, काय बोलावं सुचेना म्हणून.

मी लगेच कोपरीला फोन लावला, पण सरांनी ऐकलं होतं. आवाज शांत होता… मला तो शांतपणा सहन होईना. म्हणाले, "कुसुमची आली आज. कोपरीतील निवृत्त परिचारिका कुसुम अहिरे यांचे दुःखद निधन, पुढे वाचा. मग त्याने फ्लॅटची जाहिरात सुरू केली. मी फोन उशीखाली दाबला आणि पुढचं मीच म्हटलं. पाठ आहे ना मला." मी त्या कंपनीला, निनादला, त्याच्या काचेच्या इमारतीला ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत. सर म्हणाले, "अगं पुरे. शिव्यांनी काय होणार? मला रोजचं अख्खं ऐकायला मिळेल असं काही होतंय का बघ. नाहीतर तसं सांग, म्हणजे मी वाट बघायचं सोडतो."

लोकांनी कंपनीच्या दारात जाऊन आरडाओरडा केला. मला वाटलं आता तरी लाज वाटून पहिल्यासारखं करतील. त्यांनी फीडच बंद करून टाकलं. माफीच्या दोन ओळी साइटवर टाकल्या, आणि देवाशपथ सांगते, त्या माफीलाही पुढे वाचा होतं. मी ती पूर्ण वाचली नाही. थू!

मग मी दिनेशकडे गेले. वृंदाचा लॅपटॉप मागितला. तो म्हणाला, ताईने सांगून ठेवलंय, शैला मागेल तेव्हा दे. वृंदाच्या ऑफिसातली प्राची, तिच्या हाताखाली शिकलेली, रविवारी दुपारी माझ्याकडे आली. लॅपटॉप उघडला आणि सगळं जागच्या जागी होतं, कंपनीला द्यायच्या आधीचं. प्राचीने नवीन पत्ता घेतला, जुन्या नोंदी आपापल्या ओळखीसकट नेल्या, आणि चहा निवायच्या आत म्हणाली, "काकू, झालं. आता पहिली नवी नोंद टाका. कुठली टाकायची?" हे काय विचारणं झालं?

मी वृंदाची बातमी लिहिली. तिला आवडली असती तशी. नाव, वय, कुठे, केव्हा, कशाने. सुन्न होण्यासारखं काही नाही. शेवटी "त्यांच्या पश्चात भाऊ, वहिनी, भाची असा परिवार आहे". मी आयुष्यभर हे वाक्य लिहीत आले. त्यात मैत्रिणीला जागा नसते, हे त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं. पण नियम म्हणजे नियम, मी स्वतःला त्यात घुसवलं नाही. नोंद टाकली. गेली नाही. परत टाकली. गेली नाही. प्राचीने डोकं घातलं आणि म्हणाली, "अच्छा, हा एक रकाना भरावा लागतो. फक्त निधनाच्या बातमीला. खात्री कोणी केली, असा. तो रिकामा असेल तर फीड ती नोंद घेतच नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. मजकूर मी लिहून द्यायचे, टाकायची ती, आणि गेलेलं फीड मी कधी उघडून वाचलं नाही. प्राचीने सांगितलं की कोणीतरी एकदा खोडसाळपणा करून जिवंत माणसाची बातमी पाठवली होती, तेव्हापासून वृंदाने ही अट घातली. बातमी आली की ती त्या घरी स्वतः फोन करायची. "मी वृंदा साळवी. तुमच्याकडून एक बातमी आलीय, खरी आहे का तेवढं विचारायचं होतं." आणि पलीकडचं माणूस बोलायला लागलं की ऐकत बसायची. जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच. प्राचीने तिला ऑफिसच्या पॅसेजमध्ये असं उभं राहिलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. एकदा तर पलीकडच्या बाईला ती ओरडत होती, "आधी दोन घास खाऊन घ्या हो, मग रडा." मी खाली खाली जाऊन जुन्या नोंदी पाहिल्या. त्या रकान्यात सगळीकडे एकच नाव. वृंदा. वृंदा. वृंदा. कुसुमताईंच्या नोंदीतही तेच. ज्या घरी ती मासे घेऊन जायची त्या घरीही तिने हे विचारलं होतं.

प्राची म्हणाली, "काकू, ही अट काढून टाकू का? एका ओळीचं काम आहे." मी म्हटलं, हात लावशील तर बघ.

तेच तेच नाव बघता बघता माझ्या बोटांनी त्या रकान्यात "वृंदा" टाइप केलं. आपल्या आपण. प्राचीने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी ते खोडलं. त्या वेळी मला वृंदाचा इतका राग आला म्हणून सांगू… निनादचा आला नव्हता तेवढा. अख्खी जिंदगी मला कुठल्या सहीसाठी कुठे पुढे केलं नाहीस आणि आता हे लिहायला मला बसवतेस होय? हॉस्पिटलात माझ्या हातात तिचा हात होता. तो कधी गार झाला ते मला माहीत आहे. खात्री माझ्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? तरी बोट पुढे जाईना. शेवटी लिहिलं, शैला. नोंद लगेच गेली.

प्राची घरी जाता जाता कोपरीला सरांच्या फोनात नवा पत्ता लावून गेली. सकाळी सरांचा फोन आला. म्हणाले, "आली. शेवटपर्यंत वाचली त्याने. भाची असा परिवार आहे, आणि खात्री केली, शैला. तेही वाचलं." मग म्हणाले, "शोकसभेत बसलो होतो, पण खरं सांगू, तिथे नव्हतं पटलं मला. आत्ता पटलं."

"मला नाही पटलं अजून, सर," मी म्हटलं. तिथे नाव मात्र माझं आहे.